प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मुलांनीच एकमेकांना मार्क द्यावेत का? अनुभव सांगते, सल्ला हवाय

तिफण
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवते, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती कशी रचून ठेवायची ते. प्रॅक्टिकल पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असतं. वर्गात ६४ मुलं, तीन बॅचेस. सत्राला दहा असाइनमेंट. म्हणजे ६४० वेळा कुणाचा तरी कोड उघडायचा, चालवून बघायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि जर्नलवर सही करायची. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात सबमिशनच्या आठवड्यात दारात रांग लागते आणि मी इंडेक्स भरलाय का, तारखा आहेत का, आउटपुटचा प्रिंट चिकटवलाय का एवढंच बघते. कोड वाचायला वेळच उरत नाही. मुलांनाही हे पक्कं ठाऊक असतं. एका जर्नलमधला प्रोग्रॅम दुसऱ्या जर्नलमध्ये उतरवताना मुलानं मित्राचा रोल नंबरसुद्धा तसाच उतरवला आणि मी त्यावर सही केली, असंही माझ्या हातून घडलंय. ते मला फार लागलं.

म्हणून या सत्रात तिसऱ्या असाइनमेंटला ठरवलं की मुलांनीच एकमेकांचे कोड तपासायचे. प्रत्येकाला चौघांचे कोड दिले, नावाऐवजी क्रमांक टाकून. सोबत एक कागद. प्रोग्रॅम बरोबर चालतो का याला ५, वाचायला सोपा आहे का याला ३, कॉमेंट्सना २. एकूण १०.

प्रश्न साधा होता. यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधणारं फंक्शन लिहा. नमुना म्हणून मी १०, २०, ३०, ४०, ५० ही यादी दिली होती. उत्तर ४०.

दोन बॅचेसमध्ये जवळजवळ प्रत्येक कागदावर ९ किंवा १०. नंतर कळलं, आदल्या रात्रीच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं होतं की नऊच्या खाली कुणी जायचं नाही. तिसऱ्या बॅचमध्ये एका मुलाला ९, १०, ९ आणि चौथ्या कागदावर ३. त्या कागदाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "५०, ४०, ३० टाकून बघ. ० येतंय."

मी टाकून बघितलं. खरंच ० आलं. त्याने दोन व्हेरिएबल, म्हणजे आकडे ठेवायच्या दोन जागा, शून्यावर ठेवून यादीतल्या एकेका आकड्यावरून लूप चालवला होता. नवा मोठा आकडा सापडला की जुना मोठा आकडा दुसऱ्या जागेवर सरकवायचा. पण मोठा आकडा आधीच येऊन बसला आणि मग त्याहून लहान आकडे आले, तर त्यांच्याकडे बघायचं त्याच्या कोडमध्ये नव्हतंच. धन आकड्यांच्या चढत्या यादीवर हा प्रोग्रॅम दर वेळी बरोबर उत्तर देतो. आणि मी दिलेली यादी चढतीच होती.

पुढची गोष्ट वाईट. अक्षर ओळखीचं. तीन मार्क देणारी मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, बाकी तिघांनी नऊ-दहा दिलेत. तिचा माझ्यावर काहीतरी राग आहे." दोन दिवस त्या मुलीशी कुणी धड बोलत नव्हतं.

आता प्रश्न असा. हे बंद करावं, की यातून काही मार्ग निघतो? तुमच्यापैकी कुणी शिकवताना किंवा शिकताना हे केलंय का?


जुना_फळा
रविवार, रात्री ११:०५

मॅडम, मी ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मार्क देणं म्हणजे सही करणं. ती सही माझी असते, कारण उद्या विद्यार्थ्याने दाद मागितली तर उत्तर मी द्यायचं असतं. ते ओझं १९ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर का टाकायचं? त्याला स्वतःलाच अजून विषय येत नाही. ज्याला दुसऱ्या क्रमांकाचा आकडा शोधता आला नाही, तो दुसऱ्याने शोधलाय की नाही हे कसं ठरवणार? तुमच्या तिघांनी ९, १०, ९ दिले, ते दोस्तीखात्यात दिले असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं निम्म्या जणांना चूक खरोखर दिसलीच नसेल.

६४ मुलांमागे एक शिक्षक हे गणितच चुकीचं आहे. त्या चुकीची किंमत मुलांकडून वसूल होऊ नये. त्या मुलीने दोन दिवस ती भरली.


पायवाट
रविवार, रात्री ११:४८

जुना_फळा सर, तुमचा मुद्दा पटतो. पण मी रोज हेच काम करतो म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, १४ वर्षं झाली. आमच्याकडे कुणाचाही कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. मी लिहिलेला माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलगी वाचते, तिचा मी वाचतो. ही पद्धत काही आजची नाही. आयबीएममध्ये मायकल फेगन यांनी १९७६ साली कोडच्या तपासणीची रीतसर पद्धत मांडली होती. कुणी काय बघायचं, बैठक कशी घ्यायची, सापडलेल्या चुका कशा नोंदवायच्या, सगळं त्यात होतं.

पण या कामात कुणी कुणाला दहापैकी सात देत नाही. आम्ही लिहितो, "इथे यादी रिकामी आली तर काय होईल?" ज्याचा कोड आहे त्याने उत्तर द्यायचं. एक तर दुरुस्त करायचं, नाहीतर ते का चालेल हे पटवून द्यायचं. मग पुढे.

नवीन पोरं कंपनीत येतात तेव्हा पहिले सहा महिने त्यांना हेच जड जातं. कोड लिहिता येतो, दुसऱ्याचा वाचता येत नाही. कुणी त्यांच्या कोडवर चार ओळी लिहिल्या की चेहरा पडतो. चार वर्षांत एकदाही कुणी त्यांचा कोड वाचलेला नसतो हो. सही झालेली असते फक्त.

तेव्हा मॅडम, बंद करू नका. मार्कांचा रकाना तेवढा काढून बघा.


अबोली
सोमवार, सकाळी ७:३०

मी विद्यार्थिनी आहे, तिसऱ्या वर्षाला. आमच्याकडे गेल्या वर्षी असंच केलं होतं. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली. माझा कोड तपासणाऱ्याने माझे दोन मार्क कापले, कारण माझ्या व्हेरिएबलची नावं मराठी होती. मी इंग्रजी अक्षरांत "मोठा", "दुसरा", "एकूण" अशी नावं दिली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. विचार करताना डोक्यात हेच शब्द येतात. शेरा होता, "प्रोफेशनल वाटत नाही." कोड बरोबर होता. त्या दिवशी मी सगळी नावं बदलून इंग्रजी केली आणि त्या नादात एका ठिकाणी जुनं नाव राहिलं, प्रोग्रॅम चालेना, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर एरर आला. दोन मार्कांपेक्षा ते जास्त बोचलं.

दुसरी गोष्ट मात्र चांगली. माझ्याकडे चार जणांचे कोड आले होते, त्यात एकाने सगळी यादी सॉर्ट केली होती, म्हणजे क्रमाने लावली होती, एकाने लूप लावला होता आणि एकीने आधी सेट (ज्यात एक आकडा एकदाच राहतो) करून डुप्लिकेट काढून टाकले होते. मला तोवर वाटायचं की प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते सरांच्या फाइलमध्ये असतं. एकाच प्रश्नाकडे माणसं वेगवेगळ्या बाजूंनी येतात हे मी पहिल्यांदा बघितलं. सेट असाही वापरतात हे मला त्या मुलीच्या कोडमुळे कळलं. ती कोण, मला आजही माहीत नाही.

आणि तिफण मॅडम, तुमच्या त्या मुलीबद्दल. बाकी तिघांनी नुसते आकडे दिले, तिने आकड्याखाली कारण दिलं होतं ना? मग चौघांचे कागद एका तराजूत का घालायचे?


खटपट्या
सोमवार, सकाळी ९:१५

अबोली, नावांबद्दल आधी लिहितो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव थेट देवनागरीत लिहिता येतं. "बेरीज" असं देवनागरीत लिहा, चालतं. इतकंच काय, इनपुटला देवनागरीत १२३ टाकून पूर्णांकात बदललं तरी बरोबर एकशे तेवीस मिळतात. करून बघ. भाषेला तुझ्या नावांची अडचण नाही. टीममध्ये तमिळ, बंगाली, जर्मन माणसं असली की इंग्रजी नावं लागतात, ते वेगळं, आणि ते शिकायलाही हवं. पण "वाचायला सोपा" या रकान्यात मार्क कापायचे तर वाचणाऱ्याला कळलं नाही म्हणून कापावेत. "दुसरा" हे नाव त्या मुलाला नक्कीच कळलं होतं.

आता मूडलबद्दल, म्हणजे कॉलेजं कोर्स ऑनलाइन चालवायला वापरतात त्या सॉफ्टवेअरबद्दल. आमच्या कॉलेजचं मूडल मी सांभाळतो. त्यात वर्कशॉप नावाची सोय आहे, अशाच कामासाठी. मुलं आधी काम जमा करतात, मग यंत्रणा ते वाटते, मग तपासणी. कामाला वेगळे मार्क आणि तपासणीला वेगळे. मूळ मांडणीत कामाला ८० आणि तपासणीला २० असतात, बदलता येतात. म्हणजे चांगलं तपासणाऱ्यालाही मिळतं.

फक्त तपासणी चांगली की वाईट हे ती कशी ठरवते ते नीट बघा. एका कामाच्या सगळ्या तपासण्यांची सरासरी काढते, त्या सरासरीच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याला पूर्ण मार्क, बाकीच्यांना अंतराप्रमाणे कमी. तुमच्या उदाहरणात ९, १०, ९, ३ ची सरासरी ७.७५ होते. सगळ्यात जवळ ९ वाले. चूक शोधणारी मुलगी सगळ्यात लांब पडली, तिचेच मार्क कापले जाणार. शिक्षकाला एखाद्या तपासणीचं वजन वाढवता येतं, पण त्यासाठी शिक्षकाने ती आधी वाचलेली हवी.


मोरपीस
सोमवार, दुपारी १:४०

मला प्रोग्रॅमिंगमधलं काही कळत नाही. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुलींनी तिला चार मार्क दिले होते. खोलीवर त्याच मुलींबरोबर राहते, एकत्र डबा खातात. आठवडाभर घरी फोनवर नीट बोलली नाही. चुका सांगा हो जरूर, पण मुलांच्या हातात आकडा देऊ नका. आकडा लक्षात राहतो, चूक राहत नाही.


दूरदेशी
सोमवार, रात्री ८:२२

मी अमेरिकेत एका विद्यापीठात पीएचडी करतोय आणि प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारा सहायक आहे.

लहानपणी शाळेत श्रुतलेखन झालं की बाई म्हणायच्या, "वह्या बदला." शेजाऱ्याच्या वहीत लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ शोधायचा काय उत्साह असायचा. मग एकेकाचं नाव घेऊन "किती चुका?" आणि वर्गासमोर आकडा सांगायचा. मला वाटायचं ही आपल्याकडचीच पद्धत. इथे आल्यावर कळलं की याच गोष्टीवर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात खटला झालाय. ओक्लाहोमातल्या ओवासो इथल्या फाल्वो नावाच्या आईने शाळेविरुद्ध दावा लावला होता. मुलं एकमेकांचे पेपर तपासतात आणि मार्क मोठ्याने सांगतात, यात माझ्या मुलांची खासगी माहिती उघड होते, असं तिचं म्हणणं. २००२ साली कोर्टाने एकमताने निकाल शाळेच्या बाजूने दिला. शेजारच्या मुलाच्या हातात असलेला कागद शाळेच्या दप्तरी जमा झालेला नसतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवायचा कायदा तिथे लागू होत नाही, असं कारण दिलं. कायद्याने चालतं हे ठरलं. मोरपीस ताई म्हणतात ते दुःख मात्र कोर्टाच्या प्रश्नातच नव्हतं.

मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग २०१२ मधला. स्टॅनफर्डच्या स्कॉट क्लेमर यांनी कोर्सेरा या ऑनलाइन शिकायच्या साइटवर मानव-संगणक संवादाचा कोर्स चालवला. हजारो विद्यार्थी, शिक्षकाने तपासणं शक्यच नाही. तिथे प्रत्येकाने आधी सरावाचं काम तपासायचं, ज्याचे मार्क शिक्षकांनी आधीच देऊन ठेवलेत. आपला अंदाज त्याच्याशी जुळला की पुढे, नाही जुळला तर सरावाचं आणखी एखादं काम. मग पाच जणांचं तपासायचं आणि शेवटी स्वतःचं. आलेल्या मार्कांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा घ्यायचा. त्या कोर्समधल्या ६३ हजारांहून जास्त तपासण्यांचा पुढे अभ्यासही झाला. आधी सराव घ्यायचा ही कल्पना मला फार आवडते. तिफण ताई, तुमच्या मुलांना तुम्ही कागद दिला, पण कसं तपासायचं ते एकदा करून दाखवलं होतं का?

पण तिथे तपासायचं होतं डिझाइन. स्क्रीन कशी दिसते, वापरायला सोपी आहे का. दोन शहाण्या माणसांची मतं वेगळी असू शकतात, म्हणून मध्यक काढणं योग्य. तुमच्याकडचे ३, ९, ९, १० यांचा मध्यकसुद्धा ९ येतो. ती मुलगी पुन्हा हरली. प्रोग्रॅम मात्र ५०, ४०, ३० वर ० देतो हे काही तिचं मत नाही. कुणीही टाकून बघावं.


तिफण
सोमवार, रात्री ११:१०

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. मोरपीस ताई, तुमच्या लेकीबद्दल वाचून जीव कळवळला. हो दूरदेशी, करून दाखवलं नव्हतं. कागद वाटला आणि सुरू करा म्हणाले.

अबोली आणि दूरदेशी, तुम्ही दोघांनी माझ्या डोक्यातला गुंता सोडवलात. मी मुलांना मत विचारत होते. "बरोबर चालतो का, पाचपैकी किती?" यावर दोस्ती चालते, राग चालतो, कंटाळा चालतो. त्याऐवजी मी एकच गोष्ट मागायला हवी होती. ज्याच्यावर हा प्रोग्रॅम मोडतो, असं इनपुट शोधून दे. सापडलं तर सापडलं. मग व्हॉट्सॲपवर काय ठरलंय याने काहीही फरक पडत नाही, कारण इनपुट सगळ्यांसमोर चालवून बघता येतं. आणि राग कसा धरणार? ५०, ४०, ३० वर ० येतंय ते मशीनवर येतंय.

तर असं करते. दर कागदावर तीन ओळी. हे इनपुट टाक. काय यायला हवं. काय येतंय. तपासणाऱ्याला मार्क या तीन ओळींचे. ज्याचा प्रोग्रॅम मोडला त्याचा एकही मार्क जात नाही, पुढच्या आठवड्यापर्यंत दुरुस्त करून दाखवायचा. सत्राचे मार्क मी स्वतः देणार, जुना_फळा सरांचा तो मुद्दा मी मान्य केलाय. ज्याला मोडणारं इनपुट सापडलं नाही, त्याने निदान कुठली तीन इनपुटं टाकून बघितली ते लिहायचं.

वाचायला सोपा आहे का, याचे मार्क काढून टाकते. त्याऐवजी "कुठली ओळ तुला कळायला वेळ लागला?" एवढाच प्रश्न.


जुना_फळा
मंगळवार, सकाळी ६:५०

हे मला पटलं. मार्क तुम्ही देणार म्हटल्यावर माझा मूळ आक्षेप राहिला नाही.

एक अडचण मात्र येणार, आधीच तयारी ठेवा. तुमच्याच प्रश्नात ७, ७, ३ ही यादी टाका. दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा कोणता? सॉर्ट करून शेवटून दुसरा घेणारा ७ म्हणेल. अबोलीने सांगितलेली सेटवाली मुलगी ३ म्हणेल. "काय यायला हवं" या ओळीत दोघं वेगळं लिहिणार आणि दोघंही खरी. तिथे प्रोग्रॅम चुकत नाही, प्रश्न अपुरा असतो. आणि एकच आकडा असलेली यादी दिली तर? सगळेच आकडे ऋण असले तर त्या शून्यावरून सुरू होणाऱ्याचं काय?

मी शिकवत असताना असा प्रश्न एखाद्या मुलाने उभं राहून विचारला की मला तो दिवस चांगला वाटायचा. वर्षातून दोनदा-तीनदा व्हायचं.


पायवाट
मंगळवार, सकाळी १०:०२

सरांच्या ७, ७, ३ ला सलाम. आमच्याकडे निम्मी भांडणं याच जातीची असतात. कोड बरोबर, ग्राहकाने सांगितलेलंच अर्धवट.

मॅडम, एक सुचवतो. तपासणी लॅबमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर, कागद-पेन्सिलवर घ्या. घरी नेऊ देऊ नका. आता पोरं चॅटजीपीटीला कोड चिकटवून "यात चूक शोध" म्हणतात आणि आलेलं उत्तर उतरवतात. वापरू नये असं माझं म्हणणं नाही, आम्हीही वापरतो. पण बोट ठेवून एकेक ओळ वाचायची, व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते कागदावर खोडून पुन्हा लिहायचं, ही सवय आधी हाताला लागली पाहिजे.


दूरदेशी
मंगळवार, रात्री ९:३०

आणि एकमेकांचा उतरवलेला कोड एकमेकांकडेच तपासायला जाऊ नये एवढं बघा. कोडमधलं साम्य शोधायला मॉस नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये बनवलेलं. शिकवण्याच्या कामासाठी फुकट वापरता येतं. व्हेरिएबलची नावं बदलली तरी साम्य पकडतं. मी ते शिक्षेसाठी वापरत नाही, वाटप करताना सारख्या जोड्या वेगळ्या ठेवायला वापरतो.


तिफण
शुक्रवार, रात्री १०:३५

काल पहिल्या बॅचला करून बघितलं. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

असाइनमेंट चौथी, स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी बाहेर येतं अशी रचना) वापरून कंस जुळतात का ते तपासणे. गोल, चौकोनी, महिरपी. सुरुवातीची वीस मिनिटं मी स्वतः लिहिलेला, मुद्दाम चूक ठेवलेला प्रोग्रॅम फळ्यावर घेतला आणि सगळ्यांनी मिळून तो मोडला. मग चाळीस मिनिटं कागदावर, कॉम्प्युटर बंद. मग वीस मिनिटं मशीनवर पडताळणी.

२२ पैकी १३ प्रोग्रॅम मोडले. मी एकटीने सही केली असती तर १३ च्या १३ वर सही झाली असती, कारण आउटपुटचे प्रिंट सगळ्यांचे बरोबर होते.

सगळ्यात जास्त सापडलेली चूक अशी. काही मुलांनी स्टॅक वापरलाच नव्हता, नुसते उघडणारे किती आणि बंद होणारे किती ते मोजले होते. त्यांना एकीने आधी बंद होणारा आणि मग उघडणारा असा उलटा गोल कंस दिला. मोजणी एकास एक, प्रोग्रॅम म्हणतो जुळलं. दुसऱ्या एकाने गोल उघडा, चौकोनी उघडा, गोल बंद, चौकोनी बंद असं दिलं. मोजणी पुन्हा बरोबर, कंस मात्र एकमेकांत अडकलेले. हे बघून मागच्या बाकावरचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "म्हणून स्टॅक लागतो होय!" मी हे वाक्य गेली कित्येक वर्षं फळ्यावर लिहून समजावतेय. काल ते त्याचं त्यालाच सापडलं.

तिघांचे प्रोग्रॅम नुसत्या एका बंद कंसावर एरर देऊन बंद पडले, रिकाम्या स्टॅकमधून काढायला गेल्यामुळे. आणि काहीच न टाकता एंटर दाबलं तर काय यायला हवं, यावर वर्गात दहा मिनिटं वाद झाला. जुना_फळा सर, तुमची आठवण झाली. मी उत्तर दिलं नाही. शेवटी मुलांनीच ठरवलं की कंसच नाहीत म्हणजे चुकलेलाही कंस नाही, तेव्हा जुळलं म्हणायचं, आणि तसं प्रश्नाखाली लिहून ठेवलं.

तो मागच्या वेळचा मुलगा आणि ती मुलगी तिसऱ्या बॅचला आहेत. त्यांचं प्रॅक्टिकल आज झालं. मुलाने कोडच्या वरती कॉमेंटमध्ये लिहून आणलं होतं, "खालील सहा इनपुट मी टाकून बघितली आहेत," आणि खाली सहाच्या सहा. त्याचा प्रोग्रॅम कुणाला मोडता आला नाही. त्या मुलीने तिच्याकडे आलेल्या चारपैकी तीन मोडले. जाताना तीन-चार जण तिच्या बाकाभोवती उभे होते, "माझापण बघ ना" म्हणत.

पण एक नवीन घोळ. तिसऱ्या बॅचकडे पहिल्या बॅचची इनपुटं व्हॉट्सॲपवरून रात्रीच पोचली होती. निम्म्या कागदांवर तोच उलटा गोल कंस. त्यांनी कोड न वाचताच तो टाकला असणार. दर बॅचला प्रश्न बदलावा का? की हे चालू द्यावं? मला अजून ठरवता येत नाहीये.


अबोली
शुक्रवार, रात्री ११:२०

मॅडम, चालू द्या ना. ती इनपुटं आपला प्रोग्रॅम जमा करायच्या आधी स्वतःवर टाकून बघतील. आमच्याकडे नुसते तयार प्रोग्रॅम फिरायचे ग्रुपवर. इनपुटं फिरली तर मला तरी आवडलं असतं. फक्त आदल्या बॅचने शोधलेल्या इनपुटला मार्क नाहीत असं सांगा. नवीन शोधलं तरच.


खटपट्या
शनिवार, सकाळी ८:४०

अबोलीला +१. आणि मॅडम, सगळी सापडलेली इनपुटं एका फाइलमध्ये साठवत जा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती पहिल्या दिवशीच द्या. पाहिजे तर आपोआप चालवून बघणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहून देतो, व्यक्तिगत निरोप करा.


तिफण
शनिवार, सकाळी ९:०५

नवीन शोधलं तरच मार्क. ठरलं. खटपट्या, निरोप केलाय, मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात पाचवी असाइनमेंट, ॲरे (ओळीने ठेवलेल्या जागा) वापरून वर्तुळाकार रांग, म्हणजे शेवटची जागा संपली की पुन्हा पहिलीकडे वळणारी.


जुना_फळा
शनिवार, सकाळी ९:३०

वर्तुळाकार रांगेत बहुतेक जण पुढचं टोक आणि मागचं टोक एकाच जागी आलं की रांग रिकामी समजतात. पूर्ण भरल्यावरही दोन्ही टोकं एकाच जागी येतात. पाच जागांची रांग घ्या. पाच आकडे आत टाका आणि लगेच विचारा, रिकामी आहे का. मग पाचही काढा, पुन्हा विचारा. मग एक आत टाका आणि तोच बाहेर येतो का बघा.

हे मुलांना आधी सांगू नका. एखादीला सापडलं तर मला इथे कळवा.